‘आहे’ म्हणजे बरोबरचं चिन्ह

जानेवारीतली गोष्ट. दहावीच्या सराव परीक्षेचे मराठीचे पेपर तपासत होते. अमळनेर-चोपडा पट्ट्यातल्या एका गावच्या शाळेत मी मराठी शिकवते. निबंध आईवर होता, त्यामुळे मायेचा सागर आणि वात्सल्याची मूर्ती पानोपानी भेटत होती. एका पेपरात मात्र हे वाचलं : ‘कापूस हलका असतो असं सगळे म्हणतात. संध्याकाळी काट्यापर्यंत नेताना आईच्या डोक्यावर तो हलका नसतो.’ मी पेन खाली ठेवलं. वीस वर्षांच्या नोकरीत अशी वाक्यं दोन-चारदाच हाती लागली आहेत.

त्याच दुपारी तिच्या बीजगणिताच्या पेपरावर चाळीसपैकी पाच गुण पाहिले. शिक्षक खोलीत तिच्याबद्दल बोलणं निघालं आणि दोन मिनिटांत संपलंही. ‘पोरगी भाषेत चांगली आहे, गणिताचं डोकं नाही.’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. ते माझ्याबद्दलही म्हटलं गेलं होतं.

मार्च 1996 मध्ये मी दहावीला बसले. मराठीत शंभरपैकी 82 आणि गणितात दीडशेपैकी 41. नापास. निकालाच्या दिवशी वडील कुणाला काही बोलले नाहीत, केळीच्या बागेत पाणी धरायला निघून गेले. ऑक्टोबरला मी पुन्हा बसले आणि कशीबशी सुटले. माझ्या बाकावरची मैत्रीण सुटली नाही. तिचं अक्षर मोत्यासारखं होतं. गल्लीतल्या सगळ्या सासुरवाशिणींची माहेरची पत्रं ती लिहायची, आणि बायका आपलं पत्र तिच्या तोंडून ऐकून रडायच्या. ती दोनदा गणितात गेली, तिसऱ्यांदा घरच्यांनी फॉर्म भरला नाही, आणि त्या वैशाखात तिचं लग्न झालं. ती आज सुखात आहे, तिच्याशी बोलणंही होतं. पण जे लिहिणं तिच्या हातात होतं ते एका पेपरापायी थांबलं, हे मला आजही सहन होत नाही.

तेव्हापासून आजपर्यंत बरंच बदललं, हे मान्य. एटीकेटी आली, पुरवणी परीक्षा लवकर होऊ लागली, वर्ष वाया जाणं कमी झालं. 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही गणित ऐच्छिक करता येईल का, अशी विचारणा केली होती. आणि 2024 मध्ये राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यातून एक सूचना पुढे आली : गणित आणि विज्ञानात 35 ऐवजी 20 गुण मिळाले तरी विद्यार्थ्याला अकरावीत जाता यावं, फक्त त्याच्या गुणपत्रिकेवर शेरा असावा की गणित-विज्ञानावर आधारलेलं पुढचं शिक्षण त्याला घेता येणार नाही.

या सूचनेतला पहिला अर्धा भाग मला मनापासून पटतो. पंधरा वर्षांच्या मुलीसाठी सगळी दारं एकाच कुलपात अडकवणं अन्याय आहे. दुसरा अर्धा भाग, तो शेरा, मला अजिबात मान्य नाही. शिक्षक खोलीत जे दोन मिनिटांत बोललं जातं तेच त्या शेऱ्याने सरकारी कागदावर कायमचं छापलं जाईल. ‘हिला गणिताचं डोकं नाही.’ मुलीला गणित येत नाही, की गणित तिच्यापर्यंत पोचलेलंच नाही, हे कुणी तपासलेलं नसताना.

मी हे ठामपणे का म्हणते, ते सांगते. पेपर वाटल्यावर त्या मुलीला मी जवळ बोलावलं. गणिताबद्दल विचारल्याबरोबर तिची मान खाली. ‘मॅडम, माले गणित जमतच नही.’ एरवी माझ्याशी शुद्ध पुस्तकी मराठीत बोलणारी मुलगी एकदम अहिराणीत आली. मी विषय बदलला, आईच्या वेचणीबद्दल विचारलं. किलोला काय भाव देतात? बारा रुपये. काल किती भरला? साडेसदतीस किलो. ‘मग कितलं मिळनं?’ मीही अहिराणीतच विचारलं. तिने वरही पाहिलं नाही. ‘साडेचारशे.’ कसं काढलंस? ‘तीस बारे तीनशे साठ, साडेसात बारे नव्वद.’ काट्यावर मजुरीत मार बसू नये म्हणून आईचा हिशेब रोज तीच करते.

गुणाकाराचं वितरण म्हणजे दुसरं काय? संख्या सोयीने फोडायची, प्रत्येक तुकड्याला गुणायचं, मग बेरीज करायची. हेच तिच्या पुस्तकात कंसासह, एक्स-वायसह छापलेलं आहे आणि तिथे तिला ते अनोळखी वाटतं. कापसाच्या काट्याजवळ तिचं गणित बोलतं आणि वर्गात मुकं होतं. या दोन जागांमध्ये जी दरी आहे ती तिच्या डोक्यात नाही. ती आम्ही शिक्षकांनी, आमच्या पुस्तकांनी आणि आमच्या घाईने पाडली आहे.

मग आम्ही दोघींनी तिच्या पेपरातलं एक शाब्दिक उदाहरण घेतलं. ‘आईचे वय मुलीच्या वयाच्या दुपटीपेक्षा चारने अधिक आहे. दोघींच्या वयांची बेरीज 49 आहे. तर दोघींची वये काढा.’ तिने पेपरात लिहिलं होतं : चार एक्स अधिक दोन. आकडे सगळे होते, जागा चुकल्या होत्या. मला बीजगणित शिकवता येत नाही, पण वाक्य फोडता येतं. म्हटलं, व्याकरणाच्या तासाला करतो तसं करू. हे वाक्य कुणाबद्दल आहे? आईच्या वयाबद्दल. ‘पेक्षा’च्या आधी काय आहे ते आधी मांड. दुपट. कशाची? मुलीच्या वयाची. मुलीचं वय ठाऊक आहे? नाही. मग त्याला एक नाव दे. तिने एक्स लिहिला. दुपट, म्हणजे दोन एक्स. आता ‘चारने अधिक’. तिने अधिक चार लिहिलं आणि थांबली. वाक्यात एक शब्द उरला होता : ‘आहे’. ती त्या शब्दाकडे बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, ‘मॅडम, आहे म्हणजे बरोबरचं चिन्ह?’

मी दहावी दोनदा दिली, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मलाही सुचलं नव्हतं. पुढचं तिने स्वतःच केलं. तीन एक्स अधिक चार बरोबर एकोणपन्नास. मुलगी पंधरा, आई चौतीस. उत्तर पाहून ती हसली, कारण ती स्वतः पंधरा वर्षांची आहे.

या एका अनुभवावरून मी मोठा सिद्धांत मांडत नाही. पण भाषा आणि गणित ही दोन वेगळी डोकी आहेत, ज्याला एक मिळालं त्याला दुसरं मिळत नाही, ही समजूत खानदेशात तरी टिकू नये. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला आपण सगळे सहलीने, नवसाने जातो. तिथल्या पाटणचा एक शिलालेख आहे, शके 1128 चा, म्हणजे इसवी सन 1206-07 चा. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून इथे मठ काढला, आणि त्या मठाला काय काय दान मिळालं, याची ती नोंद. वरचा भाग संस्कृतात आहे, आणि खाली बाजारातल्या मालावरचं उत्पन्न मठाला दिल्याचा मजकूर जुन्या मराठीत आहे. मराठीच्या आरंभीच्या लेखांमध्ये त्याची गणना होते. आपल्या मातीतला एकच दगड, त्यावर गणिताची शाळा आणि आपली भाषा शेजारी-शेजारी कोरलेली. तो कोरणाऱ्यांना त्यात काही विशेष वाटलं नसणार.

आणि त्या शाळेत शिकवलं काय जात होतं? 1150 मध्ये रचलेली लीलावती पद्यात आहे. तिच्यात भुंग्यांचा एक थवा आहे : पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर, त्या दोन हिश्श्यांमधल्या फरकाची तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा केवडा आणि मालती यांच्या वासांत अडकून हवेतच घुटमळत राहिला. तर भुंगे किती? पंधरा. भास्कराचार्यांना तो एकटा भुंगा केवळ ‘एक’ म्हणून सोडता आला असता. त्यांनी त्याला गंध दिला आणि घुटमळायला लावलं. ज्या मुलीला आईच्या डोक्यावरचा कापूस जड दिसतो, तिला हा भुंगा दिसणारच. अज्ञात राशीलाही तिथे नुसतं अक्षर नव्हतं. ‘यावत्तावत्’, म्हणजे जितकं असेल तितकं, असा शब्द होता. एकाहून अधिक अज्ञात असतील तर पुढच्यांना रंगांची नावं, कालक, नीलक, पीतक. ‘या’, ‘का’, ‘नी’ ही संक्षिप्त अक्षरं त्या शब्दांमधूनच आली. दोन आडव्या रेघांचं बरोबरचं चिन्ह तर 1557 मध्ये रॉबर्ट रेकॉर्डने वापरलं, आणि तेही ‘च्या बरोबर आहे’ हे शब्द पुन्हा पुन्हा लिहायचा कंटाळा आला म्हणून. चिन्ह हे मुळात थकलेलं वाक्य आहे. आम्ही मुलांना थकलेलं वाक्य देतो आणि मूळ वाक्य त्यांच्यापासून लपवतो.

मराठीत तर अंकांचं केवढं भांडार आहे. माझे आजोबा चौथी शिकलेले, अडतीवर दिवसभर उभे असायचे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, सगळी तोंडपाठ. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे आज माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला माहीत नाही. अपूर्णांक ज्या लोकांनी चालीवर म्हटले त्यांच्या नातवंडांना अपूर्णांकांची धास्ती बसावी, याचं मला वाईट वाटतं. पण नुसतं वाईट वाटून भागत नाही, आणि जुनं ते सगळं सोनं होतं असंही मी म्हणणार नाही. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’ऐवजी ‘वीस सात’ असं वाचन आलं तेव्हा मी चिडलेल्यांपैकीच होते. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांचं म्हणणं मला तेव्हा ऐकूनही घ्यायचं नव्हतं. पुढे भाचीला शिकवताना पाहिलं : ‘सत्तावीस’ ऐकून तिचा हात आधी सातावर जायचा, आणि वहीवर 72 उमटायचे. चूक तिची नव्हती, शब्द आधी सात म्हणतो म्हणून तीही सात लिहिते. मला आजही ‘एकोणसत्तर’ प्रिय आहे, त्याच्या पोटात एक अख्खी वजाबाकी आहे. पण ती वजाबाकी मुलांना उघडून दाखवावी लागते, आणि घरी पावरी किंवा भिली बोलून धडगाव-अक्कलकुव्याच्या शाळेत येणाऱ्या मुलाला तर दुप्पट वेळ घेऊन दाखवावी लागते. त्याला गणिताच्या तासाला आधी एक परकी भाषा पार करायची असते. तिथे तो अडखळला की आम्ही त्याचं गणित कच्चं आहे असं लिहून मोकळे.

इथे एका गोष्टीचा गोंधळ होऊ नये. काही मुलांना संख्यांच्या बाबतीत खरीच अक्षमता असते, तिला डिसकॅल्क्युलिया म्हणतात, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा नावानिशी समावेश आहे. त्या मुलांना मिळणाऱ्या सवलती हा त्यांचा हक्क आहे, त्यात दयेचा प्रश्नच नाही. अडचण अशी की मोठ्या शहरातल्या पालकाला हा शब्द ठाऊक असतो, तपासणी कुठे होते तेही ठाऊक असतं. आमच्याकडच्या पालकाला दोनच शब्द ठाऊक आहेत, हुशार आणि ढ. ज्याला खरी गरज आहे त्याची तपासणी होत नाही, आणि ज्याला नीट शिकवलं तर जमेल त्यालाही तोच शिक्का बसतो.

‘मग गणित काढूनच टाका ना दहावीतून,’ असं म्हणणारे माझ्या क्षेत्रातले पुष्कळ आहेत. लेखक, कवी, भाषेचे शिक्षक. त्यांच्या मनातली जखम मला कळते, तीच माझीही आहे. पण त्यांना मी आमच्या गावचा बचत गट दाखवीन. बाहेरचा माणूस शेकडा दोनने पैसे देतो. दोन म्हणजे किती थोडे! ते दरमहा आहेत, म्हणजे वर्षाला चोवीस होतात, हे ज्या बाईला कळत नाही ती फसते. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत मराठी व्याकरणाच्या शेजारी अंकगणित बसलेलं आहे. माझ्या वर्गातली निम्मी मुलं त्या भरतीचं स्वप्न बघत पहाटे धुळे रस्त्यावर पळतात. त्यांना दहावीत गणितातून सोडवलं तर ती अडणार विशीत, जेव्हा मदतीला शाळाही नसेल. आणि लिहिणाऱ्यालाही हिशेब लागतो. गावच्या पाण्याचं, पीकविम्याचं, रस्त्याच्या ठेक्याचं खरं लिहायचं तर आकडे तपासता आले पाहिजेत, नाहीतर जो आकडे देईल त्याचंच लिहावं लागतं.

कुणी बहिणाबाईंचं उदाहरण देतात. असोद्याची लेक शाळेत गेली नाही, अक्षरओळख नव्हती, तरी केवढी कवयित्री झाली. हे उदाहरण नापास मुलीच्या समाधानासाठी दिलेलं ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो. बहिणाबाईंनी शाळा नाकारली नव्हती, त्यांना ती मिळालीच नव्हती. त्यांची गाणी मुलाने, नात्यातल्यांनी उतरवून घेतली म्हणून आपल्याला मिळाली. ज्यांची कुणी उतरवून घेतली नाहीत अशा किती जणी तापीकाठच्या शेतांमध्ये गाऊन गेल्या असतील? त्यांच्या वंचनेला आपण आदर्श म्हणायला लागलो तर शाळा काढल्याच कशाला?

दुसऱ्या बाजूचा आक्षेपही मी रोज ऐकते : अट सैल केली की दर्जा घसरेल. मला विचारायचं आहे, आज दर्जा आहे कुठे? शंभर टक्के निकालासाठी काही शाळा कच्च्या मुलाला नववीतच बाजूला काढतात, सतरा नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षा देण्याचा, फॉर्म भरायला सांगतात. उरलेल्यांकडून प्रमेयं पाठ करून घेतात. सिद्धता पाठ करणारी मुलं पास होतात आणि दर्जा टिकला असं आपण धरून चालतो. उलट बाजूने पाहा. गणितात 95 आणि मराठीत 40 मिळवणाऱ्या मुलाला कुणी अडवत नाही. त्याच्या घरी पेढे वाटले जातात. ‘मराठीत काय, पास झाला ना!’ त्याला साधा अर्ज लिहिता येत नाही, याची चिंता कुणी करत नाही. जळगावला विज्ञान शाखेच्या रांगेत उभा असलेला तो हुशार, आणि कापसाचं ते वाक्य लिहिणारी मुलगी ‘आर्ट्सला गेली’. त्या ‘गेली’चा स्वर इथे सगळ्यांच्या ओळखीचा आहे. हा दर्जाचा आग्रह एकाच विषयापुरता का?

माझं मागणं साधं आहे. दहावीला गणित सगळ्यांना असावं, पण दोन पातळ्यांवर असावं. एक रोजच्या जगण्याचं : व्याज, शेकडेवारी, मोजमाप, आलेख वाचणं, विमा आणि कर्जाचा कागद समजणं. दुसरं पुढे विज्ञान-अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यांचं. सीबीएसईने 2020 च्या परीक्षेपासून बेसिक आणि स्टँडर्ड असे दोन पेपर केलेच आहेत, आणि बेसिक देणाऱ्याला नंतर स्टँडर्डची परीक्षा देण्याची सोय ठेवली आहे. आपल्या बोर्डातही सामान्य गणिताचा पर्याय होता. तो बंद करण्याऐवजी सुधारायला हवा होता. यातली नंतरची सोय हा माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा भाग. सोळाव्या वर्षी, अठराव्या वर्षी, लग्न होऊन दोन मुलं झाल्यावरही एखादीला वाटलं की आता मला वरचं गणित जमेल, तर तिला पेपर देता यावा. गुणपत्रिकेवरचा शेरा नेमका हाच रस्ता बंद करतो, म्हणून तो नको.

आणि वर्गात? गणित आणि मराठीच्या शिक्षकांना आठवड्यातून एक तास एकत्र द्या. शाब्दिक उदाहरणं त्या तासाला फोडा. मुलांना उत्तर आधी वाक्यात लिहू द्या, मग चिन्हांत. खालच्या वर्गांमध्ये ‘कितलं उरनं’ असं विचारायची शिक्षकाला लाज वाटू नये. यासाठी इमारत लागत नाही, निधी लागत नाही. लागतो तो वेळ, आणि अभ्यासक्रम संपवायच्या घाईत तोच आमच्याकडे नसतो, हे मला नाकारता येणार नाही. माझ्या शाळेतल्या गणिताच्या सरांकडे तीन तुकड्या आहेत आणि त्यात निवडणुकीची कामं. त्यांच्याकडे बोट दाखवून मी हा लेख लिहिलेला नाही. त्यांना ही कल्पना आवडली, आणि फेब्रुवारीत आम्ही दोघांनी मिळून चार शनिवार तसे तास घेतले. दहा-बारा मुलं यायची.

तिसऱ्या शनिवारी ती मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली. वयवारीचं एक उदाहरण तिने संपूर्ण सोडवलं होतं, पण एकही समीकरण न लिहिता. ‘मुलीच्या वयात मुलीचं वय मिळवलं आणि वर चार दिले की आई होते,’ इथपासून सुरुवात करून ओळीमागून ओळ, सात वाक्यांमध्ये, बरोबर उत्तरापर्यंत. एकही पायरी गाळलेली नव्हती. तिने विचारलं, ‘मॅडम, बोर्डाच्या पेपरात असं लिहिलं तर मार्क देतील?’

मी वही सरांना दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली. म्हणाले, आदर्श उत्तरपत्रिकेत असं नसतं, तपासणाऱ्यावर आहे. मग त्यांनी तिला तीच सात वाक्यं चिन्हांत कशी उतरवायची ते दाखवलं, आणि ती खिडकीशी बसून एकेका वाक्यासमोर एकेक ओळ लिहू लागली.